डोंगरउतारांचे संरक्षण : नियम आणि मोबदला

(बोम्मसंद्रा, बंगळुरू येथे मराठी अभियंते व उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



बोम्मसंद्रा हे नाव औद्योगिक वसाहत म्हणून सर्वपरिचित आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरू मेट्रोची पिवळी मार्गिका येथपर्यंत आली आणि शहराच्या दक्षिण टोकाची ही वसाहत मेट्रोच्या जाळ्याशी जोडली गेली. दळणवळणाची सोय जेथे पोहोचते तेथे जमिनीचा भाव वाढतो, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव आहे. भाव वाढला की प्रथम सपाट जमीन भरते. ती संपत आली की बांधकाम दोन दिशांनी सरकू लागते : खाली तळी व नाल्यांच्या खोलगट भागाकडे आणि वर टेकड्यांच्या उताराकडे. बोम्मसंद्राच्या आसमंतात आनेकल तालुक्यातील तळ्यांची साखळी आहे आणि पश्चिमेकडे बन्नेरघट्टाच्या टेकड्या आहेत. त्यामुळे हा प्रश्न येथे लवकरच तीव्र होणार, हे उघड आहे.

तीव्र उतार आणि डोंगरमाथे यांवरील बांधकामास स्थानिक नियोजनाच्या नियमांनी आळा घालता येतो काय आणि घालावयाचा झाल्यास त्याचा भार कोणी उचलावयाचा, हा आजचा विषय आहे. या बाबतीत महाराष्ट्राचा, विशेषतः पुणे शहराचा, अनुभव सुमारे चार दशकांचा आहे. त्यात यश आहे, दिरंगाई आहे आणि आजवर न सुटलेला एक हिशेबही आहे.

उताराला वेगळा नियम कशासाठी?

सपाट भूखंडावर बांधकाम करताना मालकाने चूक केली, तर तिचा भुर्दंड बहुतांशी त्यालाच पडतो. उतारावर तसे नसते. तेथे माती मोकळी केली, झाडोरा काढला किंवा ओघळ बुजवला, तर त्याचे परिणाम खाली राहणाऱ्यांना भोगावे लागतात. अर्थशास्त्रात यास बाह्य परिणाम म्हणतात. लाभ एकाचा आणि हानी दुसऱ्याची, अशी स्थिती असते तेथे बाजारभाव योग्य निर्णय देऊ शकत नाही. सार्वजनिक नियमाची गरज तेथेच निर्माण होते.

पुणे परिसरातील एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. जून २०१३ मध्ये पुणे-सातारा महामार्गावर कात्रज घाटाजवळील शिंदेवाडी येथे डोंगर फोडून जमीन सपाट करण्यात आली होती. पाण्याच्या नैसर्गिक वाटा त्यात बुजल्या. पावसाचा लोंढा महामार्गावर आला आणि त्यात एक माता व तिची लहान मुलगी वाहून गेली. त्या दोघींचा त्या जमिनीच्या व्यवहाराशी कोणताही संबंध नव्हता. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये कात्रजच्या बाजूने शहरात येणाऱ्या आंबील ओढ्याला पूर आला आणि काठावरील वसाहतींची मोठी हानी झाली. टेकड्यांवर पडलेले पाणी शेवटी ओढ्यांतूनच वाहते. ते किती वेगाने उतरेल, हे वरच्या जमिनीवर काय केले आहे त्यावर ठरते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर मातीचा थर पातळ असतो. तो एकदा वाहून गेला की पाणी मुरण्याची क्षमताही बरीच घटते.

याशिवाय डोंगरमाथ्याचे दृश्यमूल्य असते. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मलबार हिलच्या उतारावरील इमारतींच्या उंचीवर मर्यादा घालण्यात आली होती. कमला नेहरू उद्यानातून दिसणारा समुद्रकिनाऱ्याचा देखावा झाकला जाऊ नये, हा तिचा हेतू होता. हाँगकाँगमध्येही १९९० च्या दशकापासून डोंगररांगेच्या माथ्याखालील सुमारे २० टक्के उंचीचा पट्टा ठरावीक ठिकाणांवरून पाहता इमारतींनी झाकला जाऊ नये, असे नियोजनाचे मार्गदर्शक सूत्र आहे. देखावा ही एकट्या मालकाची मालमत्ता नव्हे, अशी भूमिका या नियमांमागे आहे.

मोजपट्टीचा प्रश्न

महाराष्ट्रातील नियमांत एकास पाच ही मर्यादा रूढ आहे. पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ असल्यास, म्हणजे सुमारे अकरा अंशांहून अधिक उतार असल्यास, ती जमीन बांधकामास अयोग्य मानली जाते. २०२० च्या अखेरीस राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही हे सूत्र कायम राहिले. महाबळेश्वर-पाचगणी व माथेरान हे परिसर केंद्र शासनाने अनुक्रमे २००१ व २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केले, तेव्हा तीव्र उतारांवरील विकासावर बंधने घालण्यात आली. गोव्याच्या नगर व ग्रामनियोजन कायद्यातील कलम १७-अ प्रमाणे डोंगराळ जमीन कापण्यास मुख्य नगररचनाकारांची लेखी परवानगी लागते.

नियम कागदावर सोपा दिसतो, परंतु उतार मोजावयाचा कसा, हा प्रश्न तितकासा सोपा नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारास एक या प्रमाणाच्या नकाशात समोच्चरेषा साधारणतः वीस मीटर अंतराने काढलेल्या असतात. एकास पाच उतारावर अशा दोन रेषांतील जमिनीवरचे अंतर शंभर मीटर भरते आणि नकाशावर ते अवघे दोन मिलिमीटर असते. एवढ्या बारीक अंतरावरून एखाद्या भूखंडाचा निवाडा करणे म्हणजे वादाला निमंत्रण होय. संपूर्ण गटाचा सरासरी उतार घ्यावयाचा की प्रत्येक तुकड्याचा, यावरही निकाल बदलतो. मोठ्या गटात थोडी सपाट जमीन मिसळली की सरासरी उतार कमी भरतो आणि कड्याखालची जमीनही नियमातून सुटते.

याहून गंभीर दोष प्रोत्साहनाचा आहे. उतार असेल तर बंदी आणि सपाटी असेल तर परवानगी, असा नियम असल्यास डोंगर कापून आधी सपाटी करावी आणि मग परवानगी मागावी, हा मार्ग मालकाला फायद्याचा ठरतो. ज्या कृतीला आळा घालावयाचा तिलाच अशाने बक्षीस मिळते. यावर उपाय एकच आहे. एका निश्चित दिनांकाचा तपशीलवार समोच्च नकाशा अधिकृत करावा आणि त्यानंतर जमिनीचा आकार कसाही बदलला तरी उतार मूळ नकाशाप्रमाणेच धरावा. हवाई लेझर सर्वेक्षणाने असे नकाशे आज तयार करता येतात. ते सर्वांना पाहण्यास खुले ठेवले, तर जमीन विकत घेणाऱ्यालाही फसवणुकीपासून संरक्षण मिळेल.

पुण्याचा चार दशकांचा अनुभव

पुणे शहराच्या १९८७ च्या विकास आराखड्यात डोंगरमाथा-डोंगरउतार असा स्वतंत्र विभाग दर्शवण्यात आला. या विभागात क्षेत्राच्या केवळ चार टक्के बांधकाम अनुज्ञेय ठेवण्यात आले. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजई, पर्वती यांची नावे आज पुणेकर आपल्या शहराची ओळख म्हणून सांगतात. या टेकड्यांचे मोठे भाग मोकळे राहिले, त्यात या नियमाचा, वन विभागाच्या ताब्यातील जमिनींचा आणि जागरूक नागरिकांचा असा तिघांचाही वाटा आहे.

खरी कसोटी पुढे लागली. १९९७ मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि फेरबदलानंतर तेवीस गावे शहरात राहिली. या गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरील सुमारे ९७८ हेक्टर क्षेत्र जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित करण्याचा प्रस्ताव आला. महापालिकेने २००५ मध्ये तो मान्य करून राज्य शासनाकडे पाठवला. आराखड्याचे इतर भाग टप्प्याटप्प्याने मंजूर होत गेले. टेकड्यांच्या आरक्षणाचा निर्णय मात्र ऑगस्ट २०१५ मध्ये झाला. आरक्षण कायम राहिले आणि खासगी मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देण्याचे ठरले.

मधल्या दहा वर्षांचा विचार अर्थशास्त्राच्या दृष्टीने करणे आवश्यक आहे. या काळात मालकाला जमीन विकसित करता येत नव्हती आणि तिचा मोबदलाही मिळत नव्हता. वार्षिक दहा टक्के व्याजदर धरल्यास दहा वर्षांनंतर मिळणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मूल्य सुमारे एकोणचाळीस रुपये होते. शासनाने एक रुपयाही न कापता, केवळ विलंबामुळे, मोबदल्याचा साठ टक्क्यांहून अधिक भाग नाहीसा होतो. अशा स्थितीत तुकडे पाडून, साध्या कागदावर व्यवहार करून जमीन विकण्याचा मोह वाढतो. विकत घेणारा बहुधा अल्प उत्पन्न गटातील असतो. तो घर बांधतो आणि आरक्षित टेकडीवर वस्ती उभी राहते. पुढे ती हटवणे कठीण आणि कायम करणे नियमाविरुद्ध, अशी कोंडी होते. पुण्याच्या अनेक टेकड्यांच्या पायथ्याशी हे घडले आहे.

आठ टक्क्यांचा हिशेब

मोबदल्याच्या प्रमाणावरून पुण्यात वाद झाला आणि तो अद्याप मिटलेला नाही. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद समजून घेणे इष्ट होईल.

एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर जमीन महापालिकेस दिल्यास टेकडीच्या मालकाला आठशे चौरस मीटरचा विकास हक्क मिळतो. राज्याच्या जानेवारी २०१६ च्या नियमाप्रमाणे दाट वस्तीबाहेरील भागात रस्ता किंवा उद्यानासाठी जमीन देणाऱ्यास जमिनीच्या दुप्पट, म्हणजे वीस हजार चौरस मीटर हक्क मिळू शकत होता. एकाच शहरात सार्वजनिक कामासाठी जमीन देणाऱ्या दोन व्यक्तींच्या मोबदल्यात पंचवीस पटींचे अंतर पडावे, हे टेकडीच्या मालकास अन्याय्य वाटते.

दुसरी बाजूही तेवढीच विचारार्ह आहे. डोंगरउतारावर चार टक्केच बांधकाम अनुज्ञेय होते, त्या मानाने आठ टक्के हा मोबदला दुप्पट आहे. जी जमीन मुळात सुरक्षितपणे बांधता येत नाही तिला सपाट जमिनीचा दर देणे, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या हक्काची किंमत करदात्यांनी चुकवणे होय. शिवाय टेकडीलगतच्या जमिनीचा वाढलेला भाव हा मालकाच्या श्रमाचे फळ नसून शहराने पुरवलेल्या रस्ते, पाणी व वीज या सोयींचे फळ आहे.

या दोन भूमिकांमधून मार्ग काढण्यासाठी जमिनीचे दोन गट पाडणे उपयुक्त ठरेल. पहिला गट धोकादायक उतारांचा. तेथे बांधकामबंदी ही सुरक्षिततेची किमान अट मानावी आणि मोबदला त्या जमिनीच्या शेती, चराई किंवा झाडोऱ्याच्या उत्पन्नाशी निगडित असावा. दुसरा गट सौम्य उतारांचा व माथ्यावरील सपाटीचा. तेथे सुरक्षित बांधकाम शक्य असूनही केवळ जलसंधारण, जैवविविधता वा देखाव्यासाठी शहर मालकाला थांबवते. या त्यागाचा लाभ संपूर्ण शहर घेते, म्हणून त्याची किंमतही शहराने पूर्ण व वेळेवर द्यावी. दोन्ही गटांना एकच टक्केवारी लावल्याने पहिल्या गटाला जादा आणि दुसऱ्याला अपुरा मोबदला मिळतो.

हस्तांतरणीय विकास हक्काचे मूल्य बाजारावर अवलंबून असते, हेही विसरून चालणार नाही. महापालिका एकीकडे टेकडीच्या मालकाला हक्काचा कागद देते आणि दुसरीकडे बांधकाम व्यावसायिकाला शुल्क घेऊन वाढीव चटई क्षेत्र थेट विकते. शुल्क कमी ठेवले तर तो कागद कोणी घेत नाही. त्यामुळे मोबदला देणारी आणि वाढीव क्षेत्र विकणारी यंत्रणा एकच असेल, तर दोहोंचे दर एकत्रित ठरवावे लागतील.

उतारावर राहणारे दुर्बल घटक

डोंगरउतारावर राहणारे सर्वच जण नफ्यासाठी तेथे गेलेले नसतात. जुलै २००० मध्ये मुंबईत घाटकोपर येथे टेकडीचा भाग झोपड्यांवर कोसळून साठहून अधिक माणसे दगावली. परवडणारी दुसरी जागा नाही म्हणून ती तेथे राहत होती. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. जुलै २०२१ मध्ये रायगड जिल्ह्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक, तर जुलै २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यातील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले.

ही गावे व वाड्या पिढ्यान्‌पिढ्या तेथे वसलेल्या होत्या. त्यांना अतिक्रमण म्हणणे चुकीचे होईल. बांधकामबंदीचा नियम त्यांचे रक्षण करू शकत नाही, कारण धोका कड्यावरून येतो आणि घर पायथ्याशी असते. त्यासाठी धोक्याचे नकाशे, पर्जन्यमापक, आगाऊ सूचना आणि ग्रामस्थांच्या संमतीने जवळच केलेले पुनर्वसन आवश्यक आहे. शहरांच्या बाबतीत, परवडणारी घरे उपलब्ध नसतील तर उतारावरील बंदी केवळ कागदावरच राहते. डोंगरउताराचा नियम आणि गृहनिर्माणाचे धोरण यांची आखणी एकत्रच करावी लागेल.

नियमाचा लाभ मोजता येतो

अशा नियमांमुळे विकास खुंटतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराचा अनुभव याचे उत्तर देतो. १९५२ मधील अतिवृष्टीनंतर तेथे डोंगरउतारावरील भरावासंबंधी पहिला नियम झाला. १९६३ मध्ये तो अधिक कडक करून भूगर्भतज्ज्ञाची तपासणी सक्तीची करण्यात आली. १९६९ च्या वादळी पावसात या सर्वांची परीक्षा झाली. १९५२ पूर्वीच्या सुमारे दहा हजार भूखंडांपैकी १०.४ टक्क्यांची हानी झाली. १९५२ ते १९६२ या काळातील सुमारे सत्तावीस हजार भूखंडांत हे प्रमाण १.३ टक्के होते. १९६३ नंतरच्या सुमारे अकरा हजार भूखंडांत ते ०.१५ टक्क्यांवर आले. या काळात उतारावरील बांधकाम थांबले नव्हते. कोठे आणि कसे बांधावे, हे मात्र तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ठरू लागले.

हाँगकाँगमध्ये १८ जून १९७२ रोजी एकाच दिवशी दोन दरडींनी सव्वाशेहून अधिक बळी घेतले. त्यानंतर १९७७ मध्ये तेथे उतारांवर देखरेख करणारे स्वतंत्र भूतांत्रिक कार्यालय स्थापन झाले. आपल्याकडील महापालिकांत बांधकाम परवानगी देणारे अधिकारी असतात, परंतु उताराची तपासणी करणारा भूगर्भतज्ज्ञ क्वचितच असतो.

आनेकल परिसरासाठी बोध

आता पुन्हा बोम्मसंद्राकडे वळू. बंगळुरू हे पठारावरील शहर आहे. शहरातून उत्तर-दक्षिण जाणारी कणा-रेषा पावसाचे पाणी दोन बाजूंना विभागते. पश्चिमेकडील पाणी अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते, तर पूर्वेकडील पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते. चढ-उतार सौम्य असल्याने येथील नियोजनाचे लक्ष माथ्यापेक्षा दऱ्या व तळ्यांवर राहिले. २००७ मध्ये मंजूर झालेल्या शहर आराखड्यात राजकालुव्यांच्या, म्हणजे मोठ्या नाल्यांच्या, दोन्ही बाजूंस दर्जानुसार ५०, २५ व १५ मीटरचे मोकळे पट्टे ठरवले होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये ही अंतरे वाढवली आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये ती वाढ रद्द केली. न्यायालयाबाहेर ठरावयाचे अंतर न्यायालयात ठरू लागले की गुंतवणूकदार, रहिवासी आणि प्रशासन या तिघांनाही अनिश्चिततेची किंमत मोजावी लागते.

बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राचेही असेच झाले. २०१६ च्या प्रारूप अधिसूचनेत ते सुमारे २६९ चौरस किलोमीटर होते. मार्च २०२० च्या अंतिम अधिसूचनेत ते सुमारे १६९ चौरस किलोमीटर राहिले. वगळलेल्या शंभर चौरस किलोमीटरमध्ये उतार व माथे कोठे आहेत, याचा विचार आता स्थानिक नियोजन प्राधिकरणानेच करावयाचा आहे. केंद्रीय अधिसूचनेची सीमा जेथे संपते तेथून स्थानिक नियमाचे काम सुरू होते.

दुर्लक्षाची किंमत या परिसराने अनुभवली आहे. येथून जवळच असलेल्या चंदापूर तळ्याच्या हानीबद्दल हरित न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य शासनास ५०० कोटी रुपये पर्यावरणीय भरपाई भरण्याचा आदेश दिला. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस बाह्य वर्तुळाकार मार्गावर पाणी साचल्याने एका दिवसात २२५ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे तेथील कंपन्यांच्या संघटनेने शासनास कळवले होते. उतार व दऱ्या मोकळ्या ठेवण्याचा खर्च या रकमांच्या शेजारी ठेवून पाहिला पाहिजे.

पुण्याच्या अनुभवावरून आनेकल परिसरासाठी काही सूचना करता येतील. भाव चढण्यापूर्वीच उतारांचा तपशीलवार नकाशा अधिकृत करावा. धोकादायक आणि सौम्य उतार वेगळे दाखवून दोहोंचा मोबदला वेगळा ठरवावा. आरक्षण जाहीर करताना मोबदल्याचे सूत्रही त्याच आदेशात द्यावे आणि तो ठरावीक मुदतीत न मिळाल्यास व्याज देण्याची तरतूद असावी. या खर्चासाठी मेट्रोमुळे ज्यांच्या जमिनीचा भाव वाढला त्यांच्याकडून सुधारणा आकार घ्यावा. टेकडी मोकळी राहिल्याने खालच्या कारखान्यात पाणी शिरत नसेल, तर त्या कारखान्यानेही आपला वाटा उचलणे न्याय्य आहे. येथील उद्योजकांनी हा वाटा ओझे न मानता विम्याचा हप्ता मानावा.

पुण्यात टेकड्यांच्या जमिनींचा फेरविचार करण्यासाठी २०२५ मध्येही राज्य शासनाला अभ्यासगट नेमावा लागला. आरक्षणाचा प्रस्ताव मान्य होऊन त्यास वीस वर्षे झाली होती. बन्नेरघट्टाच्या पायथ्याशी जमिनीचे भाव अजून पुण्याइतके चढलेले नाहीत, तोवर हा हिशेब स्वस्तात मिटू शकतो. नियोजन प्राधिकरण आराखड्यावर हरकती व सूचना मागवील, तेव्हा बोम्मसंद्रा येथील उद्योजक, अभियंते आणि रहिवासी यांनी उतारांचा नकाशा व मोबदल्याचे सूत्र या दोन मागण्या लेखी नोंदवाव्यात. नियम करणाऱ्यांवर त्याचा परिणाम निश्चितच होईल.